माझ्या पोटाखालचे परके अंडे

मित्रांनो, मी एक म्हातारी कोंबडी आहे. डिचोली तालुक्यातल्या पाळी गावात, खाणीवर ट्रक चालवणाऱ्या सगुणच्या पडवीत मी राहते. तरुणपणी माझी पिसे पिकलेल्या काजूच्या बोंडूसारखी तांबूस पिवळी होती, म्हणून माझे नाव बोंडू पडले. आता पिसे विटली आहेत आणि अंडी देणेही थांबले आहे. माझ्याकडे कोणी फारसे बघत नाही. एका परीने ते बरेच आहे, कारण म्हाताऱ्या कोंबडीकडे माणसे निरखून बघू लागली की तिने सावध व्हावे.

माझा जन्म इथला नाही. सगुणची थोरली बहीण सुलोचना पेडण्याला दिलेली आहे, तिच्या परसात मी अंड्यातून बाहेर आले. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीची ही, असे ती माझ्याविषयी सांगते. मी हातभर झाल्यावर तिने मला एका टोपलीत घातले, वर जुने लुगडे बांधले आणि बसने पाळीला आणले. म्हापशाला बस बदलली, डिचोलीला पुन्हा बदलली. टोपलीच्या फटीतून मला काही दिसत नव्हते. फक्त डिचोली सुटल्यावर धूळ येऊ लागली, लाल आणि जड. ती खाणीची धूळ होती. पुढे ती माझ्या अंगाला कायमचीच लागली.

सगुणची मुलगी सुमंगला तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. टोपली उघडताच तिने मला फ्रॉकच्या ओच्यात घेतले आणि म्हणाली, "आतेने ही माझ्यासाठी आणली."

"अंड्यांसाठी आणली गो," सुलोचना म्हणाली. पण सुमंगलेने ते मनावर घेतले नाही. त्या दिवसापासून मी तिची झाले.

ती वर्षे फार सुखाची होती. सुमंगला रात्री आईजवळ निजायची, आणि डोळे उघडले की चूळही न भरता पडवीत माझ्याकडे यायची. तिच्या दोन जागा होत्या, एक आईच्या कुशीत आणि एक माझ्यापाशी. तिची आई कमलाक्षी शांत बाई. ती माझ्यापुढे कण्या टाकायची आणि मुलीला हाका मारायची, दोन्ही एकाच आवाजात. मी पहिले अंडे दिले तेव्हा सुमंगला ते हातात धरून शेजारच्या चार घरांत दाखवून आली. दुसऱ्या सकाळी पाव विकणारा पदेर सायकलवर भोंपू वाजवत आला, सगुणने त्याच्याकडून गरम उंडे घेतले, आणि माझे अंडे तव्यावर पडले. मी ओरडले. सगळ्यांना वाटले मी खुशीत ओरडते आहे.

पुढे मला उबवायलाही मिळाले. मी बसले की हलत नसे, आणि माझ्याखालची अंडी क्वचितच वाया जात. "बोंडूसारखी बसणारी कोंबडी सगळ्या वाडीत नाही," असे कमलाक्षी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ते ऐकून माझी मान ताठ होत असे. मला तेव्हा हेवा हा शब्द ठाऊक नव्हता. माझाच हेवा करावा अशी माझी स्थिती होती.

मग सुमंगला नऊ वर्षांची असताना घरात बाळ आले.

एप्रिल महिना होता, शाळेला सुट्टी लागली होती. बाळंतपण झाले आणि सुलोचना पेडण्याहून मदतीला आली. तिने येताच घर हातात घेतले. सगुणनेही कामावर रजा टाकली, त्याचा ट्रक मालकाच्या आवारात उभा राहिला. कमलाक्षी आणि बाळ आतल्या खोलीत असत, दार लोटलेले असे. सुमंगला दाराशी गेली की सुलोचना तोंडावर बोट ठेवायची.

"हळू गो. आत्ताच निजलाय."

"मी काही करत नाही. बघते फक्त."

"मागाहून बघ."

तो मागाहून कधी येतच नसे. बाळ निजलेले असे, नाहीतर दूध पीत असे, नाहीतर रडत असे. बघायला माणसे येत, बाळाचे नाक कोणाचे आणि कपाळ कोणाचे यावर बोलत बसत, आणि सुलोचना त्यांच्यासाठी अंडी फोडत असे. अंडी माझी. त्या लाल, सुरकुतलेल्या, मूठभर जिवासाठी माणसे येत आणि माझी अंडी जात. त्याला टोपी, त्याला झबले, त्याच्या डोळ्यांत काजळ. मी इतकी वर्षे त्या घराला दिले ते कोणाच्या लक्षातही नव्हते. मला त्या बाळाचा राग येई. रागापेक्षा अधिक, मला त्याची जागा हवी होती.

पण त्यातही एक गोड गोष्ट घडली. सुमंगला माझ्याकडे जास्त येऊ लागली. दुपारभर ती पडवीत माझ्याशेजारी बसे, माझ्या मानेखाली बोटे घाली आणि हळूच बोले. "आई आता त्याचीच झाली. तू माझी." हे ऐकले की मला वाटे, बाळ खुशाल आत राहू दे, दार लोटलेलेच राहू दे.

त्याच दिवसांत मी खुडूक झाले. म्हणजे कोंबडीला अंड्यांवर बसण्याची जी ओढ लागते ती मला लागली. सुलोचनेने एका पाटीत गवत घालून माझी अंडी मांडली. "बसू दे तिला. पावसाआधी पिल्लं होतील," ती म्हणाली. सुमंगला रोज येऊन विचारी, "कधी गो येणार?" मी पिसे फुगवून बसे. आता सगळ्या घरात कोणाची वाट बघितली जात असेल तर ती माझ्या अंड्यांची, असे मला वाटत होते.

तो मान फार दिवस टिकला नाही.

आमच्या घराच्या मागे, पडवीतून सरळ दिसेल असा, मुरमाचा एक सपाट तुकडा आहे. पूर्वी तिथे खाणीची माती टाकली होती, आता ती बसून घट्ट झाली आहे. बारीक लाल खडे, कुठे कुठे वाळलेले गवत. सगुण एरवी संध्याकाळी आपला ट्रक तिथे लावायचा. रजेमुळे ती जागा बरेच दिवस मोकळी होती. एका दुपारी सुमंगला तिकडून आली ती दोन्ही तळहात एकमेकांवर धरून, पाण्याने भरलेले भांडे आणावे तशी जपून.

"आते, बघ काय गावलं."

सुलोचना दोरीवर बाळाचे दुपटे घालत होती. तिने वळून पाहिले. सुमंगलेच्या हातात एक अंडे होते. माझ्या अंड्याच्या निम्मे, एका टोकाला निमुळते, मातीच्या रंगाचे, वर काळपट डाग. माझी अंडी कशी गुळगुळीत, उजळ. हे अंडे म्हणजे चिखल उडालेला दगड दिसत होता.

"कुठे गावलं?"

"मागे मुरमावर. एकटंच होतं. घरटंसुद्धा नाही, खड्यांत तसंच टाकलेलं. हात लाव, थंड आहे."

सुलोचनेने हात लावला नाही. "टिटवीचं ते. टिटवी ओरडली तर माणसं दार लावून घेतात, आणि तू तिचं अंडं बाळंतिणीच्या घरात आणलंस? जा, टाकून ये."

"ती तिथेच होती," सुमंगला म्हणाली. "लांब शेताच्या कडेला फिरत होती. मी उचललं तरी जवळ आली नाही. ओरडली पण नाही. तिला नकोच आहे हे."

"म्हणून तुला हवं?"

"हो."

मित्रांनो, मी पाटीत बसून हे ऐकत होते आणि मला सगळे कळत होते. कोंबडी एका दिवसात सगळी अंडी देत नाही. मी एक अंडे घालते आणि चरायला निघून जाते. ते गवतात थंड पडून राहते. दुसऱ्या दिवशी दुसरे घालते. अशी पुरेशी झाली की मग बसते, म्हणजे सगळी पिल्ले एकदमच बाहेर येतात. पहिले अंडे थंड असते ते टाकलेले म्हणून नव्हे. आई अजून बसायची असते. टिटवीचेही तसेच असणार हे मी जाणून होते. पण कोंबडीच्या बोलण्याला घरात कोण विचारतो?

तेवढ्यात सगुण विहिरीवरून आला. त्याने दोघींची तोंडे बघितली आणि अंडेही बघितले. त्या दिवसांत त्याच्या मुलीने काहीच मागितले नव्हते, हे त्याच्या ध्यानात आले असावे.

"घरात नको, ताई म्हणते ते खरं," तो म्हणाला. "पडवीत राहू दे. बोंडूच्या पोटाखाली ठेव. ती बसलीच आहे, एक जास्त."

एक जास्त. इतक्या सहज त्याने ते म्हटले. सुमंगलेने माझे पोट उचलले, माझी दोन अंडी बाजूला सारली आणि मधली, सगळ्यात उबदार जागा त्या डागाळलेल्या दगडाला दिली.

मग सुरू झाला तो छळ. सुमंगला घडीघडी येई, मला उचलून धरी आणि खाली बघे. माझ्या अंड्यांकडे तिची नजर जातच नसे. "ऊब लागली काय रे तुला?" ती त्या अंड्याला विचारी. माझ्या एकाही अंड्याशी ती कधी बोलली नव्हती. "तुझी आई तुला सोडून गेली. घाबरू नको, मी आहे." मी तिथे होते, माझी ऊब होती, आणि ती म्हणत होती मी आहे. तिने पाटीवर आपला जुना रुमाल पांघरला, माझ्यासाठी नव्हे. तिने मुंग्या येऊ नयेत म्हणून पाटीभोवती राख ओढली, तीही माझ्यासाठी नव्हे. आतल्या खोलीतल्याने तिची आई घेतली होती आणि आता पाटीतल्याने माझी सुमंगला घेतली. मला त्या अंड्याचा इतका हेवा वाटला की घशाखाली दाणा उतरेना.

तरी मी बसून राहिले. पोटाखाली आले की अंडे कोणाचे ते पोटाला कळत नाही. ते ऊब देत राहते. मनात काहीही असो.

दुसऱ्या दिवशी सगुणची रजा संपली. तो कामावर गेला आणि उन्हे कलल्यावर ट्रक घेऊन परतला. मी तेव्हा दाणा टिपायला पाटीतून उतरून पडवीच्या कठड्यावर आले होते, म्हणून पुढचे सगळे मी डोळ्यांनी पाहिले.

सगुणने नेहमीप्रमाणे ट्रक वळवला आणि मुरमावर मागे घेऊ लागला. तोच शेतातून टिटवी सुटली. आधी ती काचेवर झेपावली, मग ओरडत वर गेली, पुन्हा खाली आली. सगुणने गाडी चालूच ठेवली. मग ती मागच्या चाकापाशी उतरली आणि पंख पसरून उभी राहिली. ते चाक तिच्यापेक्षा कितीतरी उंच होते. तिच्या लाल चोचीतून एकच आवाज निघत होता, मागे हटायला तयार नसलेला.

सगुणने आरशात पाहिले आणि ट्रक थांबवला.

मित्रांनो, खरे सांगते, माझ्या आयुष्यातला सर्वांत कडू हेवा मला त्या क्षणी वाटला. एवढेसे पाखरू ओरडले आणि खनिजाचा ट्रक जागच्या जागी थांबला. मी इतकी वर्षे ओरडत आले, माझ्या ओरडण्याने कधी तवासुद्धा थांबला नव्हता.

सगुण खाली उतरला, वाकून बघितले आणि हाक मारली. "सुमंगला, इकडे ये. बाजूबाजूने ये, मधून चालू नको."

ती गेली.

"कालचं अंडं कुठून उचललं होतंस?"

"हितूनच."

"मग हे बघ."

खड्यांच्या त्याच खळग्यात एक दुसरे अंडे होते. तसेच, डागाळलेले. सुमंगला बघत राहिली. टिटवी त्यांच्या डोक्यावरून फेऱ्या मारत होती.

सुलोचना पडवीत आली होती. तिने तिथूनच म्हटले, "म्हणजे टाकलेलं नव्हतं ते. घालते आहे अजून. आपली बोंडू काय करते? एक घातलं की लगेच बसते काय? सगळी झाली की बसते."

कोणीतरी शेवटी माझा दाखला दिला. पण सुमंगलेने तो ऐकला नाही. ती धावत पडवीत आली, माझ्या पाटीपुढे बसली आणि दोन्ही हातांनी पाटी कवटाळली.

"मी देणार नाही हे."

"अगो, त्याची आई आहे ती," सगुण मागोमाग येत म्हणाला.

"आई आहे तर काल का नाही आली? मी उचललं, घेऊन आले, तरी आली नाही. आज दुसरं झालं म्हणून ओरडते. दुसरं झाल्यावर पहिलं विसरली ती."

सुलोचनेने डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला. बाहेर ट्रकचे इंजिन अजून धडधडत होते.

आतले दार उघडले. कमलाक्षी उंबऱ्यात उभी होती. डोक्याला फडके बांधलेले, खांद्यावर बाळ. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा पाहत होते. ती ओढलेली दिसत होती.

"कोण विसरलं गो?" तिने विचारले.

सुमंगलेने मान वर केली नाही.

कमलाक्षीने बाळ सुलोचनेच्या हातात दिले. "वन्सं, जरा धरा."

"कुठे निघालीस? बारसं व्हायचंय अजून. वाऱ्यात जायचं नाही, त्यात ती टिटवी बाहेर ओरडते आहे."

"मागच्या मागे जाऊन येते."

बाळाला हात बदलल्याचे कळले आणि ते रडू लागले. सुलोचना म्हणाली, "बघ, रडतो."

"रडू दे थोडा. तुम्ही आहात ना." कमलाक्षी हळूहळू खाली बसली. तिला बसताना त्रास होत होता. तिचे तोंड सुमंगलेच्या तोंडासमोर आले. "चल, दोघी जाऊन ठेवूया."

सुमंगलेने पाटी सोडली नाही, पण तिने आईकडे पाहिले. मग सुलोचनेकडे. "तो रडतोय," ती म्हणाली.

"ऐकते आहे मी," कमलाक्षी म्हणाली. आणि उठली नाही. बाळाचा आवाज वाढला, तरी ती आपल्या मुलीसमोर तशीच बसून राहिली.

शेवटी सुमंगलेने उसासा टाकला आणि पाटीत हात घातला. मी नुकतीच परत येऊन बसले होते. खुडूक कोंबडी हाताला चोच मारते, पण मी मारली नाही. तिने ते अंडे काढून घेतले. मला वाटले होते की ते गेले की मी सुटेन. पण पोटाखाली एक गार जागा राहिली आणि ती बराच वेळ भरली नाही.

दोघी निघाल्या. आईचा हात मुलीच्या खांद्यावर होता, आधारासाठीही आणि उगाचही. मुरमावर पोहोचल्यावर सुमंगलेने विचारलेले मला इथवर ऐकू आले. "माझा हात लागला. आता ती घेईल काय?"

"मला ठाऊक नाही," कमलाक्षी म्हणाली. "ठेवून बघूया."

त्यांनी ते अंडे दुसऱ्याच्या शेजारी ठेवले आणि मागे होऊन काजूच्या झाडाखाली बसल्या. टिटवी ओरडत राहिली पण उतरली नाही. सगुणने ट्रक पुढे काढून रस्त्यावर नेला, परत आला, तरी उतरली नाही.

"तुम्ही बसलात म्हणून ती येत नाही," तो म्हणाला. "घरात या. जनेलातून दिसतं."

मग सगळे घरात गेले आणि मागच्या जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, उभे राहिले. मुरूम मोकळा झाला. टिटवी खाली उतरली. चार पावले धावायची, थांबायची, मान फिरवून बघायची, पुन्हा चार पावले. अशी ती खळग्यापाशी आली. तिने दोन्ही अंडी बघितली. कालचे अंडे चोचीने जरा हलवले, त्याचे निमुळते टोक आतल्या बाजूला केले, आणि दोन्हींवर उभी राहून उतरत्या उन्हात सावली धरली.

तोवर आत बाळ रडायचे थांबले होते.

थोड्या वेळाने टिटवी उडून गेली. "गेली परत," सुमंगला म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला.

"जाऊ दे," कमलाक्षी म्हणाली. "अजून घालायची असतील."

तिने टिटवीला ओळखले, आणि मुलीलाही. मला मात्र त्या संध्याकाळी कण्या टाकायला सगळेच विसरले. सुमंगला आत आईजवळ गेली ती बाहेर आलीच नाही. दार लोटलेले नव्हते.

त्यानंतर सगुण रोज ट्रक रस्त्यावर लावून चालत घरी येऊ लागला. मुरमाच्या कडेने, खळग्यापासून बरेच लांब, त्याने मोठे दगड टाकले, दुसऱ्या कोणाची गाडी आत येऊ नये म्हणून. अंडी चार झाली आणि टिटवी बसली. मे महिन्यातल्या उन्हात मुरूम तव्यासारखा तापे. तेव्हा ती ओहोळावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येई आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसे. ऊब देणारी आई मी पाहिली होती, गारवा देणारी पहिल्यांदाच पाहिली. मला तेही करता येत नव्हते.

सुमंगला जनेलाशी बसून हे सगळे बघे. आता तिच्या मांडीवर बाळ असे. कमलाक्षीने एकदा ते तिच्या मांडीवर ठेवले आणि कामाला निघून गेली. तेव्हापासून ते तिथे असायचेच. ती त्याचे डोके धरून त्याला टिटवी दाखवी. त्याला काय दिसत होते कोण जाणे. मला पडवीतून त्या दोघांची फक्त पाठ दिसे.

माझी पिल्ले आधी बाहेर आली. सुंदर होती, पिवळी, गुबगुबीत. सुमंगलेने एकेकाला गालाला लावले आणि कौतुक केले. मग ती पुन्हा जनेलाशी गेली.

पावसाच्या थोडे आधी टिटवीची पिल्ले फुटली. चारही. मुरमाच्या रंगाची, लांब पायांची, आणि त्याच दिवशी धावू लागलेली.

"आई, त्यातलं बोंडूने उबवलेलं कोणतं?" सुमंगलेने विचारले.

"आता कसं कळणार?"

कळत नव्हते. मलाही कळले नाही. टिटवीने तर चौघांत काडीचाही फरक केला नाही.

आणि त्याच दुपारी घार आली.

मी माझ्या पिल्लांना घेऊन मुरमाच्या कडेला चरत होते. तिची सावली जमिनीवरून सरकली तेव्हा मी ओरडले आणि पंख पसरले. माझी पिल्ले सैरावैरा धावली, बरीचशी माझ्या पंखाखाली आली. एक उलट दिशेला गेले. पिवळे पिल्लू लाल मुरमावर लांबूनही दिसते. घारीने ते उचलले.

त्याच वेळी टिटवीनेही हाक दिली होती. तोडून टाकल्यासारखी, आखूड हाक. तिची चारही पिल्ले जिथे होती तिथेच जमिनीला चिकटली, मान लांब करून, डोळा न हलवता. मी दहा पावलांवर होते आणि मला तिथे खड्यांशिवाय काही दिसले नाही. घारीलाही दिसले नाही.

सुमंगला धावत बाहेर आली. तिने मला आणि उरलेल्या पिल्लांना पडवीत आणले आणि माझ्याशेजारी बसून राहिली. तिने माझ्या मानेखाली बोटे घातली, पूर्वीसारखी. ती रडत होती. माझ्या पिल्लासाठी रडत होती. हेव्याने मी इतके दिवस जे मागत होते ते मला मिळाले, आणि ते असे मिळायला नको होते.

पहिल्या सरींबरोबर टिटवी आपली पिल्ले घेऊन खालच्या शेतात गेली. मुरूम रिकामा झाला. सगुणने मात्र ट्रक पुन्हा तिथे लावला नाही. त्याला रस्त्याकडेची जागा सवयीची झाली.

आता सुमंगला साखळी गावातल्या मोठ्या शाळेत जाते. तेव्हाचे बाळ माझ्या मागे धावते आणि माझी शेपूट ओढते. टिटवी दर उन्हाळ्यात येते. तिचा हेवा मला अजून वाटतो, पण आता मला ठाऊक आहे की तो कशाचा आहे.

म्हणून मित्रांनो, एका म्हाताऱ्या कोंबडीचे एवढे ऐका. माळावर, शेतात, गवतात तुम्हाला एकटे अंडे दिसले तर ते टाकलेले आहे असे लगेच समजू नका. हात लावू नका. ते थंड असले तरी त्याची आई दुसरे घालायला गेलेली असेल, किंवा तुम्ही उभे आहात म्हणून लांब थांबली असेल. तुम्ही मागे व्हा, खूप मागे व्हा, आणि लांबून बघा. चुकून उचलून आणले असेल तर जिथून उचलले तिथेच नेऊन ठेवा. तुमचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. त्या जागी गाडी किंवा नांगर येणार असेल तर मोठ्यांना सांगा, वनखात्याच्या माणसांना कळवा. रानपाखराचे अंडे घरी आणून ठेवणे कायद्यातही बसत नाही, असे सुमंगलेच्या बाईंनी पुढे शाळेत सांगितले.

आणि माझ्यासारखीच्या पोटाखाली तर आणूच नका. मी ते उबवीन. हेव्याने जळत असले तरी उबवीन, ते माझ्या पोटाला थांबवता येत नाही. पिल्लू बाहेर येईल, त्याला मी दाणे टिपायला शिकवीन. पण एखाद्या दुपारी त्याच्या अंगावरून सावली सरकेल आणि मी ओरडेन, माझ्या भाषेत. ते माझ्याकडे धावत येईल. जागच्या जागी दगड हो, असे सांगणारी हाक मला येत नाही.